बठ्ठं फर्स्ट क्लास शे

पिंप्राळ्यातले आमचे शेजारी नाना माणसाचं तोंड बघत नाहीत, पाय बघतात. चपलांचं दुकान चालवून लागलेली सवय. माझं नाव त्यांना ठाऊक असावं, पण हाक मात्र ‘सहा नंबर’. चारचौघांत मान वर करणं मला जड जातं, त्यामुळे आमचं छान जमायचं. मीही खाली बघायची, तेही.

दुसरी सवय तक्रार न करण्याची. उन्हाळा, गेलेली वीज, त्यांच्या बायकोचा, म्हणजे अक्कांचा, बिनसाखरेचा चहा, सगळ्यावर अहिराणीत उत्तर एकच, सगळं छान आहे: “बठ्ठं फर्स्ट क्लास शे!”

असेच एकदा ते चपलेतून वर आलेल्या खिळ्यावर दिवसभर हिंडले. साखरेच्या आजारानं पाय बधिर, त्यांना कळलंच नाही. अंगठा काळा पडला तेव्हा धुळ्याला आले, मी भूलशास्त्र शिकते त्या दवाखान्यात. अंगठा काढायचा होता, पण हृदय कमजोर. पूर्ण भूल धोक्याची. म्हणून घोट्याभोवती इंजेक्शनं देऊन फक्त पाऊल बधिर करायचं ठरलं.

मी मास्क आणि टोपी घालून जवळ गेले.

“सहा नंबर, तू आठे?” मला इथं बघून नाना चकित झाले; ओळखलं पायांवरूनच.

सुई देण्याआधी कुठं किती कळतं ते तपासावं लागतं. त्यांना डोळे मिटायला सांगून मी आधी चांगल्या पायाला कापूस लावला.

“लागतंय?”

“लागस.”

मी हात काढून घेतला. “आता?”

“आतेबी. फर्स्ट क्लास!”

“नाना, मी हात लावलेलाच नाही.”

ते हळूच म्हणाले, “तुनी अक्का रोज पाय दाबस. बरं वाटस का, इचारस. मी काय सांगू?”

“आज मात्र खरं सांगा. दुखत असताना फर्स्ट क्लास म्हणालात, तर तुमच्या हृदयाला झेपणार नाही.” एवढं मी एका दमात क्वचितच बोलते.

इंजेक्शनांनंतर सर्जननी पावलाच्या वरच्या अंगाला, जिथं त्यांना अजून कळायचं, चिमट्यानं कातडी दाबून बघितली.

“दुखस!” नाना ओरडले.

सर्जन दचकले. मला हायसं वाटलं. तिथं आणखी औषध दिलं, आणि पुढचं सगळं शांतपणे पार पडलं. नाना तेवढ्या वेळात सर्जनना त्यांची चप्पल एक नंबर मोठी असल्याचं समजावत होते.

वॉर्डात अक्का चांगला पाय दाबायला बसल्याही होत्या.

“अक्का, रोज दाबताना तळवेही नीट बघत जा,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि नानांना विचारलं, “बरं वाटस ना?”

नानांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी खाली बघितलं. अक्कांचे पाय. पाच नंबर असावा.

“वाटस,” नाना म्हणाले. “तठेच दाब.”