सोनवणे साहेबांचा महिन्याचा बिघाड

मे महिन्यात, धुळ्याच्या स्टँडवर, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला असताना मी म्हटलं, "काय ऊन आहे हो साहेब." सोनवणे साहेबांनी चष्मा वर सारला आणि म्हणाले, "सिद्ध करा."

हे त्यांचं नेहमीचंच. चहा गोड झालाय म्हटलं, तरी सिद्ध करा. पण त्यांचा तरी काय दोष? मुंबईला बरीच वर्षं त्यांनी संशोधन केलं ते याच विषयात. कॉम्प्युटरचा प्रोग्राम कधीच चुकणार नाही, हे गणिताने आधीच सिद्ध कसं करायचं. मग आईच्या आजारपणात धुळ्याला परतले. आई गेली, साहेब राहिले. लग्नही राहून गेलं. तिथल्याच देवपुरात एका खोलीत बसून ते दूध सोसायट्यांच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहीत. मी पिंपळनेरच्या सोसायटीत कारकून. आमचा कॉम्प्युटर त्यांनीच बसवलेला.

आणि न चुकणाऱ्या प्रोग्रामच्या या पंडिताचा प्रोग्राम आमच्याकडे दर महिन्याला अडायचा. फोन केला की साहेब पहिल्या एसटीने हजर. दुरुस्ती दोन मिनिटांची, मुक्काम संध्याकाळपर्यंत. चेअरमन आबांच्या घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत यायचं. साहेब पोटभर जेवायचे, दूध घालायला आलेल्या बायकांच्या म्हशींची नावानिशी चौकशी करायचे आणि शेवटची गाडी सुटायच्या बेताला नाइलाजाने उठायचे.

एकदा मी कामाने साक्रीकडच्या एका सोसायटीत गेलो. तिथेही साहेबांचाच प्रोग्राम. तुमचा कधी अडतो, असं सहज विचारलं. तिथला कारकून म्हणाला, कधीच नाही, साहेबांचं तोंड पाहूनही वर्ष झालं. त्याने मला पाणीसुद्धा विचारलं नाही, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

परत येतो तर आमची पंचमंडळी वैतागलेली. नाशिकहून दुसरा माणूस आणायचं घाटत होतं. हे साहेबांच्या कानावर गेलं. ते आले, तासभर मशीनपुढे बसले, "आता अडणार नाही," एवढंच म्हणाले आणि न जेवता गेले.

खरंच अडला नाही. एक महिना गेला, दोन गेले. ऑफिस मला ओकंबोकं वाटायला लागलं. शेवटी साक्रीकडची हकिकत मी आबांना सांगितली. मशीन बंद पडलंय असा साहेबांना फोन लाव, एवढंच त्यांनी सांगितलं.

साहेब धावत आले. मशीन व्यवस्थित चालू होतं. त्यांनी सगळं पुन्हा पुन्हा तपासलं आणि आबांकडे पाहिलं.

"मशीनले काहीच व्हयनं नही, साहेब," आबा म्हणाले. "तुम्हना बिगर आम्हले करमत नही. आते जेवाले बठा."

साहेब ताटापुढे बसले. मोडलेला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. मान वर न करता त्यांनी मला हळूच विचारलं, "पुढच्या महिन्यात कधी बिघडेल?"