सूर्य तीन पावलं चालला

मुलींच्या त्या शाळेत जिन्याखालची खोली रिकामी झाली आणि दोघांची तिच्यावर नजर गेली. विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळा हवी होती. त्यांचे सगळे प्रयोग वर्गातल्या खिडकीच्या कट्ट्यावर चालत, त्यामुळे वारा सुटला की विज्ञानाला सुट्टी. कवायतीच्या सरांना बँडचे ढोल ठेवायला जागा हवी होती.

"पालक येतील त्या दिवशी मैदानावर दोघं मिळून काहीतरी दाखवा," हेडबाई म्हणाल्या. "ज्याचं काम उठून दिसेल त्याला किल्ली."

बाईंनी सूर्यमाला निवडली. मुलींना चालायला शिकवायचं काम सरांकडे आलं. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं गोल आखले गेले. मधोमध पिवळा पडदा पांघरून गाण्याच्या बाई स्टुलावर बसणार होत्या. "हलायचं नाही ना? मग मला जमेल," असं म्हणून त्यांनी सूर्यपद स्वीकारलं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात बावीस मुली लघुग्रह होऊन फिरणार होत्या. वर्गात सगळ्यांत धिप्पाड मुलगी गुरू झाली. आणि धूमकेतू झाली उंचीमुळे शिडी म्हणून ओळखली जाणारी मुलगी. तिची शेपूट म्हणजे बारा हात पांढरं कापड, टोकाला ते धरणारी चौथीतली चिमणी.

"धूमकेतूची शेपूट नेहमी सूर्याच्या उलट बाजूला असते," बाईंनी समजावलं. "येताना ती मागे. सूर्याला वळसा घालून परत जाताना ती पुढे. म्हणजे तेव्हा चिमणी पुढे, शिडी मागे."

"शेपूट पुढे?" सर म्हणाले. "बाई, असं कुठे असतं का?"

"आकाशात असतं."

सरांनी मान्य केलं, पण आपली शिस्त सोडली नाही. त्यांच्या हाताखाली मुलींच्या तीन पिढ्या एकच नियम शिकल्या होत्या: पुढचीच्या पाठीवर नजर, ती जाईल तिकडे जायचं. चिमणीनंही तो पाठ केला. आपल्या पुढे कुणी नसेल तर काय करायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

त्या दुपारी सगळं छान सुरू झालं. ग्रह फिरले, लघुग्रह पाय आपटत एका दिशेनं फिरले. शिडी लांबून झपाझप आली, सूर्यामागून वळली, चिमणी पुढे झाली आणि थांबली. समोर एकही पाठ नव्हती. पहिल्या रांगेत मात्र तिची आजी बसली होती आणि "रिबीन सुटलीय गं" अशी खूण करत होती.

चिमणी आजीकडे निघाली. बारा हात कापड निघालं, त्यामागे शिडी. वाटेत लघुग्रहांचा पट्टा होता. एका लघुग्रहासमोर ऐन वेळी शिडीची पाठ आली, म्हणून ती शिडीच्या मागे वळली आणि तिच्यामागे उरलेल्या एकवीसजणी, पाय आपटत.

"सर, शिट्टी वाजवा," बाई पुटपुटल्या.

"शिट्टीवर त्या वेग वाढवतात," सर म्हणाले.

आजीनं शांतपणे रिबीन बांधली, तेवढा वेळ तेवीसजणींनी जागच्या जागी पाय आपटले. मग आजीनं नातीला खांद्याला धरून वळवलं. "जा आता, त्या पिवळ्या बाईंकडे जा."

चिमणी शहाणी मुलगी. ती थेट सूर्याकडे गेली आणि कुठे थांबावं ते न कळून त्याच्याभोवती फिरू लागली. कापडाचे दोन वेढे गाण्याच्या बाईंच्या पोटाला बसले. हे थांबवावं म्हणून गुरूनं कापडाचं मधलं अंग पकडून जोरात ओढलं. सूर्य स्टुलावरून उठला आणि तीन पावलं चालला.

"मी हलायचं नाही असं ठरलंय," सूर्य चालता चालता म्हणाला.

पालक पोट धरून हसत होते. विज्ञानाच्या बाई गुडघ्यांवर बसून सूर्य सोडवत होत्या. तेवढ्यात पाहुणे म्हणून आलेले वेधशाळेतले निवृत्त गृहस्थ मैदानात उतरले. ताठ उभा असलेला एकच माणूस त्यांना दिसला. त्यांनी सरांचे दोन्ही हात हातात घेतले.

"सगळ्या शाळा सूर्याला खिळा ठोकून बसवतात," ते म्हणाले. "ग्रहांच्या ओढीनं तोही जरासा डुलतो, हे दाखवणारे तुम्हीच पहिले. आणि गुरूच्या तडाख्यानं धूमकेतूची वाट कशी बदलते तेही. वा."

"कवायत पक्की असली की सगळं होतं," सर म्हणाले.

हेडबाईंनी तिथल्या तिथे किल्ली त्यांच्या हातात दिली. बाईंनी ते पाहिलं आणि कापडाची घडी घालत राहिल्या.

चौथ्या दिवशी सर खिडकीच्या कट्ट्यापाशी आले. हातात एक पत्र होतं.

"त्या गृहस्थांचं आहे. त्यांच्या मंडळात माझं भाषण ठेवलंय. सूर्याचं डुलणं. चाळीस मिनिटं."

"अरे वा. अभिनंदन."

सरांनी खिशातून किल्ली काढून कट्ट्यावर ठेवली. "ढोल काय, पत्र्याखालीही राहतात. तुम्ही फक्त सांगा, सूर्य का डुलला?"

"गुरूनं कापड ओढलं म्हणून."

"तो नव्हे हो. खरा."

बाईंनी किल्ली उचलली, पत्र वाचलं आणि तारीख पाहिली.

"पंधरा दिवस आहेत. रोज शाळा सुटल्यावर यायचं. वही आणायची, आणि न कळलं तर लगेच विचारायचं."

टाचा जुळवून उभं राहत सर म्हणाले, "हो, बाई."