हंबीररावांचा बिबट्या

कोल्हापुरात बास गिटारचा खरा आवाज काढणारा माणूस एकच, आणि तो मी! ह्यात गर्व वगैरे काही नाही. बाकीचे जे काढतात त्याला मी आवाजच म्हणत नाही. ॲम्प्लिफायरवर 'बास' लिहिलेलं बटण दिसलं की ही माणसं ते पिळत सुटतात. मग स्टेजखाली नुसतं घुम्म घुम्म! सूर कुठला, ताल कुठला, कुणाला पत्ता नाही. वरात हाय का रोड रोलर, तेवढंच विचारायचं बाकी राहतं. अरे गाढवांनो, बास ऐकू येतो तो 'मिड'मुळं, म्हणजे मधल्या सुरांच्या बटणामुळं! बास जरा दमानं घ्या, मिड वर चढवा. मी हे गुरूकडं शिकलो नाही. गुरू मिळाला असता तर पहिल्याच दिवशी भांडण झालं असतं.

पण आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक सम्मेद, त्याला हे कोण सांगणार?

"अमऱ्या, तुझं वाजवणं मला नुसतं दिसतंय, ऐकू काय येत न्हाय," तो म्हणाला. "म्होरल्या कार्यक्रमापास्नं बास कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर घेतो."

डाव्या हातावर! म्हणजे माझी सगळी उमर हा माणूस दुसऱ्याच्या रिकाम्या हातात कोंबायला निघाला होता!

"रविवारी संध्याकाळी सासुरवाडीच्या शेतावर ये," मी म्हणालो. "आवाज ऐक. न्हाय पटला तर गिटार हिरीत टाकतो."

"टाकायच्या आधी फोन कर. व्हिडिओ काढाय येतो."

शहरात फ्लॅटवर वाजवायची सोय नव्हती. मागच्या खेपेला वरच्या मजल्यावरचे पेले फळी सोडून खाली आले होते, आणि त्यांच्या मागोमाग वरचे लोक. सासऱ्यांची, म्हणजे हंबीररावांची शेती बिद्रीच्या अलीकडं. चारी अंगांनी ऊस, मध्ये पत्र्याची खोली. उसाला तक्रार करता येत नाही.

कपाटाएवढ्या दोन स्पीकरच्या पेट्या आणि ॲम्प दुधाच्या टेम्पोतनं नेले. आधी पेट्या कोपऱ्यात लावल्या. कोपऱ्यात आवाज फुगतो. एक सूर लावला, तर वरचे पत्रे हिवताप भरल्यागत थडथडायला लागले. मग पेट्या भिंतीपासनं ओढल्या, सरकी पेंडीच्या पोत्यांवर चढवल्या, बास उतरवला, मिड चढवला, गेनचं, म्हणजे जोराचं बटण केसभर वाढवलं... आणि आला! काहिलीतनं गुळाचा पाक उतरावा तसा जाड, गोल, तांबूस आवाज! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि लाईट गेली.

शेतीचीच लाईट ती. आली तर पाहुणी, गेली तर मालकीण! मी चिडून गिटार पेटीला टेकवून ठेवली आणि बांधावर गेलो. फोनला रेंज तिथंच मिळते.

"सम्मेद, आवाज गावला! ये लगेच!"

"फाट्यावर हाय. आलोच."

फोन खिशात घातला, तेवढ्यात खोलीतनं आवाज आला.

गुर्रर्रर्र...

शेजारच्या शेतातली तानाबाई गवत कापत होती. तिनं मान वर केली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. दोघांनी मिळून खोलीकडं बघितलं.

गुर्रर्रर्रर्र!

"बिबट्याऽऽ!" तानाबाईनं विळा टाकला आणि गावाच्या दिशेनं जी सुटली, ती बघून बिबट्यानंसुद्धा नाद सोडला असता.

मी कसा पळालो ते सांगू शकत नाही, कारण मला ते आठवतच नाही. भानावर आलो तेव्हा मी ट्रॅक्टरच्या टपावर पोटावर पडलो होतो आणि दात असे वाजत होते की जीभ मध्ये आली असती तर तुटली असती.

थोड्या वेळात निम्मं गाव गोळा झालं. सगळ्यांत पुढं हंबीरराव. गावात काहीही होवो, माझे सासरे त्याचे साक्षीदार असतात. न झालेल्या गोष्टींचेही असतात.

"म्या बघितला!" ते गरजले. "ह्या डोळ्यांनी आत जाताना बघितला! शेपूटच एवढं!" आणि त्यांनी दोन्ही हात असे पसरले की मागच्या माणसाची टोपी उडाली.

"डबे वाजवा! भिऊन पळतोय बघा!" त्यांनीच हुकूम सोडला.

डबे, परात, पत्रे, जे हाताला लागेल ते वाजायला लागलं. बिबट्या काही पळाला नाही. उलट दर ठोक्याला त्याचा गुरगुराट चढत गेला. छातीची फासळी न फासळी हालायला लागली.

"चवताळलाय!" हंबीरराव म्हणाले. "अजून जोरात वाजवा!"

"मामा, नगा! नगा वाजवू!" मी टपावरनं रडकुंडीला येऊन ओरडलो.

"जावईबापू, तुमी पडून ऱ्हावा! तुमच्या अंगात तेवढंच हाय!"

एवढ्यात सम्मेद मोटारसायकलवरनं आला. गर्दीत उभा राहिला, मान तिरकी केली, डोळे मिटले. मग ट्रॅक्टरजवळ येऊन हळूच म्हणाला, "अमऱ्या, ह्यो बिबट्या सुरात हाय."

"काय?"

"आल्यापास्नं ऐकतोय, एकाच सुरात गुरगुरतोय. मधी श्वास बी घेत न्हाय लेका."

मी घाम पुसला, आणि तेव्हाच खाली पाटात मला पाणी दिसलं. पाणी वाहत होतं. म्हणजे हिरीवरची मोटार चालू होती. मोटार चालू म्हणजे लाईट आली होती. आणि मी ॲम्प बंद केला नव्हता!

गिटार स्पीकरलाच टेकलेली. पेटी थरथरली की तारा थरथरणार, तारा थरथरल्या की पेटी आणखी थरथरणार. एकदा सुरू झालं की हे चक्र माणसाशिवाय चालतं. वरनं ही मंडळी डबे बडवून तारांना आणखी हालवत होती. गाव ज्याला हाकलत होतं, त्याला गावच वाजवत होतं!

भीती गेली म्हणता? छ्या! मघाशी फक्त बिबट्याची भीती होती. आता अख्ख्या गावाची!

कारण हंबीररावांच्या हातात सुतळी बॉम्बचा पुडा होता. खिडकीतनं आत टाकायचा बेत ठरला होता. आत वैरण, पेंडीची पोती आणि माझा सगळा संसार! खरा संसार, म्हणजे माझी बायको वर्षाराणी, ट्रॅक्टरखाली उभी होती. मी उतरून तिच्या कानात सगळं सांगितलं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बापाकडं.

"आबांनी शेपूट बघितलंय," ती म्हणाली.

"अगं, पण तिथं शेपूट न्हाईच!"

"आता हाय. साऱ्या गावाम्होरं बघितलंय त्यांनी. तुमी तोंड उघडलासा तर मला माहेर न्हाय आनी तुमाला बायको न्हाय. जावा आत, आनी हाकला त्याला."

"कुणाला?"

"बिबट्याला!"

मी निघालो. मागनं बायांनी गळा काढला. वर्षाराणीनं सगळ्यांत जोरात. आत कोण आहे हे मला पक्कं माहीत होतं. पण दारापाशी पोचलो आणि एक विचार डोक्यात शिरला. लाईट आली हे खरं. पण लाईट आली म्हणून बिबट्या येत नाही असं कुठं आहे? दोन्ही एकदम आले असतील तर? हंबीरराव आयुष्यात एकदा तरी खरं बोलले असतील तर? आणि नेमके आजच?

दार ढकललं. अंधारात ॲम्पचा तांबडा दिवा एखाद्या डोळ्यासारखा माझ्याकडं बघत होता. एकच डोळा! मी डोळे मिटून झडप घातली, बटण दाबलं.

सगळं शांत.

मग मी मागच्या पत्र्यावर लाथ घातली आणि बोंब ठोकली, "गेलाऽऽ! मागनं उसात गेला!"

"बघितला!" बाहेरनं हंबीररावांचा आवाज. "जाताना बी बघितला! लंगडत गेला!"

बाहेर आलो तर गुलाल! लोकांनी मला खांद्यावर घेतलं. दोनदा फिरवलं, एकदा पाडलं. सासऱ्यांनी कुणाला तरी हार आणायला पिटाळलं. त्या गोंधळात सम्मेदनं मला बाजूला ओढलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "गड्या, आवाज एक नंबर. असला बास उभ्या जन्मात ऐकला न्हाय. काळजात घुसला."

"मग? पक्कं?"

"पक्कं! ॲम्प आनी पेट्या उद्या पाठवून दे. बटणं हाईत तशीच ठेव."

"आनी मी?"

"तू कशाला? डावा हात हाय की! आज बी तुझ्याबिगरच वाजलं न्हवं?"

माझं टाळकं सणकलं. अरे, ती बटणं कुणी लावली? पोत्यांवर पेट्या कुणी चढवल्या? तो गुळाचा पाक कुणी उतरवला? साऱ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून सांगायला मी तोंड उघडलं, आणि बघतो तर समोर हंबीरराव. हातात झेंडूचा हार, डोळे पाणावलेले, मागं निम्मं गाव.

"जावईबापू, बोला! आत काय घडलं ते समद्यास्नी सांगा!"

मी वर्षाराणीकडं बघितलं. तोंड मिटलं. मान खाली घातली आणि हार घालून घेतला.

"लै मोठा हुता," मी म्हणालो.