ओटरबीतली एक लाल टिकली

सरकारच्या तिजोरीत पैसा असतो तोवर ते आपल्या मनाने कारभार करतं. पैसा संपला की त्याला जनतेच्या मताची आठवण येते. आमच्या परगण्याच्या पोलीस खात्याला ही आठवण गेल्या मार्चमध्ये आली. अंदाजपत्रकाला कात्री लागली होती. आमच्या ओटरबी गावची चौकी विकून तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान निघालं होतं (दुकान उत्तम चालतं, तिथे फोन उचलतात). आमच्या वाट्याला एकच हवालदार उरला होता, क्लाइव्ह हॅगेट, आणि तोही शेजारच्या दोन गावांशी वाटून घेतलेला. या एका माणसाने नेमकं काय करावं, हे ठरवण्याचा मान जनतेला देण्यात आला.

त्यासाठी चर्चच्या सभागृहात सभा भरली. मी शेजार-पहारा समितीचा चिटणीस असल्यामुळे खुर्च्या मांडण्याचे सर्वाधिकार माझ्याकडे होते. मुख्यालयातून फिलिपा स्ट्रोड नावाच्या तरुण बाई आल्या. त्यांनी भिंतींवर मोठे कागद लावले, एका कागदावर एक गुन्हा, आणि प्रत्येक नागरिकाच्या हातात तीन लाल टिकल्या ठेवल्या. जो गुन्हा आपल्याला सर्वाधिक जाचतो, त्याच्या कागदावर टिकली चिकटवायची. गुन्हेगारीचा इतका सोपा बंदोबस्त आमच्या पाहण्यात नव्हता.

"आणि ज्या गुन्ह्यांना टिकल्या मिळणार नाहीत, त्यांचं काय?" निवृत्त बँक मॅनेजर अ‍ॅशप्लांट यांनी विचारलं.

"त्यांना आम्ही नाही म्हणणार नाही," फिलिपाबाई गोड हसून म्हणाल्या. "त्यांना फक्त जरा थांबावं लागेल."

एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात टिकल्या घेऊन जनता कामाला लागली. 'फुटपाथवरची कुत्र्यांची घाण' हा कागद पहिल्या काही मिनिटांतच भरला आणि टिकल्या भिंतीवर सांडू लागल्या. त्याखालोखाल औषधांच्या दुकानापुढे वाकड्या लावलेल्या गाड्या. तिसऱ्या क्रमांकावर, बसथांब्यावर उभी राहणारी तरुण पोरं (ती तिथे बसची वाट बघतात, असं एक अल्पमत होतं). घरफोडीला तीनच टिकल्या पडल्या आणि तिन्ही अ‍ॅशप्लांटांच्या होत्या, कारण त्यांचं गवत कापायचं यंत्र चोरीला गेलं होतं. फोनवरून फसवणूक झालेले लोक सभागृहात भरपूर होते. पण त्या कागदापाशी जायचं म्हणजे आपण फसलो हे कबूल करणं आलं, म्हणून ते सगळे कुत्र्यांकडे वळले.

'घरातली मारहाण' हा कागद सँडविचच्या टेबलामागे, सगळ्यांना दिसेल असा लावलेला होता. रांगेतले लोक सँडविच निवडताना त्याच्याकडे पाहत नव्हते, आणि हे न पाहणं फार सुसंस्कृतपणे चाललं होतं.

"हा कागद दुसऱ्या कुठल्या गावचा चुकून आलाय, बाई," बागप्रेमी मंडळाच्या अध्यक्ष ट्विडीबाई फिलिपाबाईंना म्हणाल्या. "ओटरबीत सगळे सगळ्यांना ओळखतात."

सभा संपली. कप गोळा करता करता ट्विडीबाई एकदम थबकल्या. "अगंबाई, ही कुणी लावली?"

त्या कागदाच्या खालच्या कोपऱ्यात एक टिकली होती. एकच.

जाणारे लोक परत आले. नवरे आपापल्या बायकांकडे पाहू लागले आणि बायका दुसऱ्यांच्या नवऱ्यांकडे. कुत्र्यांच्या कागदावरच्या शेकडो टिकल्यांकडे आता ढुंकूनही कुणी बघेना. फिलिपाबाईंनी "सहभागाबद्दल आभार" म्हणत कागद गुंडाळले आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी समितीची तातडीची बैठक झाली. ही गावाची बदनामी आहे, यावर एकमत झालं. अशाने घरांच्या किमती पडतात, हे अ‍ॅशप्लांटांनी उदाहरणांसह पटवून दिलं. टिकली कुणी लावली हे शोधणं, हा ओटरबीतल्या पोलिसांच्या कामाचा पहिला विषय ठरला (कुत्रा-गटाने लेखी नाराजी नोंदवली). हॅगेटला बोलावणं गेलं.

हॅगेट हा जाडजूड, सावकाश माणूस. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि तिसरं बिस्किट उचललं.

"शोधून काढलं, मग पुढे?"

"पुढे काय, आम्हाला सांग," ट्विडीबाई म्हणाल्या.

"आणि ज्याच्यामुळे लावली, त्याचं?"

"क्लाइव्ह, त्या कागदाला एकच टिकली आहे," अ‍ॅशप्लांट समजुतीच्या सुरात म्हणाले. "लोकशाहीत एकाच्या मताने काम ठरत नाही."

हॅगेटने कान खाजवला. "बरं. पण मग मला घरोघर जावं लागेल. टिकली किती उंचीवर होती, कुणाचा हात कुठवर पोचतो, सगळं टेपने मोजावं लागेल. आणि प्रत्येकाला वेगळं घेऊन, दार लावून. नवरा-बायको एका खोलीत असले की मापं चुकतात."

मापं का चुकतात हे आम्हाला कळलं नाही. पण त्यात काहीतरी शास्त्रीय वाटलं. ठराव मंजूर झाला.

मग हॅगेट टेप घेऊन दारोदार हिंडू लागला. तोवर फुटपाथची अवस्था अशी झाली की ट्विडीबाई रस्त्याच्या मधून चालू लागल्या आणि औषधांच्या दुकानापुढच्या वाकड्या गाड्यांना अडथळा होऊ लागला. आमच्याकडे तो आला तेव्हा माझं माप त्याने बाहेरच्या बाहेर, कोट काढण्याआधीच उरकलं. बायकोला मात्र स्वयंपाकघरात नेऊन, दार लावून चांगला चहा संपेपर्यंत बसला.

"काय विचारत होता एवढं?" तो गेल्यावर मी विचारलं.

"हात वर करायला सांगितला."

"आणि?"

"आणि विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, तू कशी आहेस."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मी ठीक आहे. नवरा मारत नाही. बोलतही नाही म्हणा." तिने कप विसळला. "बरं वाटलं पण. कुणी विचारलं नव्हतं बऱ्याच दिवसांत."

मी तपासाच्या टिपणात 'किरकोळ गप्पा' अशी नोंद केली.

मे महिन्यात हॅगेट समितीपुढे हजर झाला. या वेळी त्याने बिस्किट घेतलं नाही.

"तपास संपला."

"सापडली?" ट्विडीबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"सापडली. पुढचं शहरातले लोक बघतायत."

"कोण? कोण होती?"

"ते नाही सांगता येणार."

"म्हणजे काय? हा पहिला विषय आमचा होता!" अ‍ॅशप्लांट लालबुंद झाले. "नाव काय? कुठल्या गल्लीतली? निदान घराच्या दाराचा रंग तरी सांगशील की नाही?"

हॅगेटने टोपी हातात घेतली. आमच्याकडे एकेक करून पाहिलं, जणू मापच घेत होता.

"ती आता बरी आहे," तो म्हणाला. "झोप लागते तिला. तुम्ही काळजीने विचारलंत म्हणून सांगतो."

आम्ही तसं काही विचारलं नव्हतं. त्यामुळे ते वाक्य इतिवृत्तात घेता आलं नाही. 'उत्तर असमाधानकारक' एवढंच लिहिलं. समितीने त्याच्याविरुद्ध वरती तक्रार धाडली, आणि पुढच्या वेळी असले परगावचे कागद आणू नयेत अशी फिलिपाबाईंना विनंती केली.

तरी आम्ही हात टेकले नाहीत. त्या उन्हाळ्यात गावातून तीन बायका बाहेर गेल्या. एक आजारी बहिणीकडे स्पेनला, एक लेकीच्या बाळंतपणासाठी उत्तरेला, आणि एक डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली म्हणून. तिघींचेही नवरे सज्जन आहेत. एक तर चर्चमध्ये घंटा वाजवतो. समितीत यावर अजून दर गुरुवारी मनमोकळी चर्चा होते.

तुमचं बोट एव्हाना तिघींपैकी एकीवर गेलंच असेल. कुणावर ते जरूर कळवा. बाहेरच्या निःपक्षपाती माणसाच्या मताचा आम्हाला फार आधार वाटतो.