कॉमिकवाले अप्पा

अप्पांशी लांबण लावून बोलायची सोय नाही. तिसऱ्या वाक्याला ते दोन्ही हातांनी तुमच्या तोंडापुढे हवेत कॉमिकातल्या संवादाच्या फुग्यासारखा एक गोल काढतात आणि म्हणतात, "एवढ्या फुग्यात बसतंय का बघा. बसंना तर छाटा." आमच्या वाचनालयाच्या सचिवांच्या भाषणातही त्यांनी हा गोल काढला होता. भाषण तिथेच आटोपलं आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या अप्पांना पडल्या.

मी लातूरच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. अप्पा आमच्याकडे दर रविवारी दहावी-अकरावीच्या मुलांना कॉमिक काढायला शिकवतात. चित्रकलेच्या परीक्षेच्या वाटेला ते कधी गेलेले नाहीत. जन्म गेला मोंढ्यात, धान्याच्या बाजारातल्या आडतीवर. पोत्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बाकीचे आडते त्यांवर नावं घालत, अप्पा मालकाचं तोंड काढत. चाकूरचे एक पाटील आपलं पोतं बघून भडकले होते, "माझं नाक एवढं हाय व्हय?"

"न्हाई पाटील," अप्पा म्हणाले, "पोतं लहान पडलं."

आमची मुलं मात्र सगळी क्लासची. पहिल्या रविवारी त्यांनी कॉमिकलाही समास आखला आणि प्रत्येक चौकटीला प्रश्न क्रमांक दिला. एकाने तर शेवटच्या चौकटीत 'माकड झाडावरून का पडले?' असं विचारून खाली चार पर्याय दिले. अप्पांनी गंभीर चेहऱ्याने 'वरीलपैकी एकही नाही'वर खूण केली आणि विचारलं, "चुकलं तर मार्क कापतूस का रं?" पोरं एवढी हसली की शेजारी पेपर वाचणाऱ्या आजोबांनी माझ्याकडे तक्रार केली. इतक्या आनंदाने मी कुठलीच तक्रार ऐकून घेतलेली नाही.

पण अप्पांचा वर्ग भरायचा त्या खोलीवर सचिवांचा डोळा होता, त्यांना तिथे अभ्यासिका हवी होती. त्यांनी सांगूनच टाकलं, "येत्या रविवारी मी स्वतः येतो. पोरं दिसली तर खोली तुमची, नाहीतर अभ्यासाची टेबलं लागतील." नेमकी त्याच सकाळी क्लासची टेस्ट. अप्पांनी कार्यशाळा दुपारी दोनला ढकलली. मे महिन्यात, लातुरात, दुपारी दोन!

दोन वाजून गेले. सचिव घड्याळ बघत होते. अप्पा पेन्सिलींना टोकं करत होते, टोक असलेल्या पेन्सिलींनाही. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात फाटकात स्कूट्यांचे हॉर्न वाजले आणि घामाने निथळणारी पोरं थेट आत घुसली. टेस्टच्या प्रश्नपत्रिका अजून हातातच होत्या.

सचिवांनी एका मुलीला अडवलं. "ह्याचा परीक्षेला काय उपयोग गं?"

"काहीच नाही सर," ती म्हणाली. "म्हणून तर येतो."

सचिव हसले. "राहू द्या खोली," म्हणाले आणि गेले.

मी खुशीत चहा घेऊन गेले, तर अप्पा व्हरांड्यात उपरण्याने डोळे पुसत उभे.

"अप्पा, जिंकलो की आपण! रडायलाव कामून?"

"मॅडम, माझी लेकरं पुण्याला. बायको जाऊन वर्षं झाली. घरात समदं हाय, टीव्ही हाय, फ्रीज हाय. पर 'अप्पा, हे बघा' म्हणणारं कोण न्हाई. ही खोली गेली असती तर रविवारी मी कुठं जाणार होतो?"

मी कप पुढे केला. त्यांनी तो घेतला, एवढ्यात आतून दोघा-तिघांनी एकदमच हाक मारली, "अप्पा, हे बघा ना!"

"आलो, आलो," म्हणत अप्पांनी कप परत माझ्याच हातात दिला आणि ते आत पळाले.