कोऱ्या तारखेचा राजीनामा

"अगं, शेजारून खुर्च्या आल्या का? आणि चहा मोठ्या पातेल्यात टाक. माझी मनधरणी करायला माणसं येतील आता!" जाकिटाची बटणं लावत साहेब बायकोला म्हणाले.

साहेब म्हणजे माजी आमदार. पंधरा वर्षांच्या आमदारकीत नऊ राजीनामे दिले आणि चार माणसं हातापाया पडल्यावर नऊही मागे घेतले. शेवटी मतदारांनीच घरी बसवलं. तेव्हापासून कॉलेजात राजकारण शिकवतात आणि दर रविवारी पेपरात त्यावर लिहितात. काल स्टाफरूममध्ये पंख्याखालची खुर्ची मिळाली नाही. झालं! खिशातला तयार राजीनामा प्राचार्यांच्या टेबलावर आपटून आले. तेवढ्यावर भागलं असतं तर ते साहेब कसले! 'मी राजीनामा का मागे घेतला' हा लेखही संध्याकाळीच पेपरकडे धाडून मोकळे.

चहा दोनदा उकळून काळा झाला. सात खुर्च्या एकमेकींचं तोंड बघत बसल्या. अखेर दार वाजलं. साहेबांनी घाईघाईने रुसका चेहरा केला.

दारात कॉलेजचा शिपाई. "सर, कपाटाची किल्ली द्या. आणि हा तुमचा राजीनामा, यावर तारीख नाहीये. तेवढी टाका, मग मंजूर करतो म्हणालेत प्राचार्य."

कधीही कामाला यावा म्हणून तारीख कोरी ठेवायची, ही साहेबांची जुनी खोड.

"आणि... 'विनंती आहे' वगैरे काही?"

"नाही बुवा. किल्लीच म्हणाले."

साहेबांनी पेपरला फोन लावला. पान छपाईला गेलं होतं. "संपलं! नोकरीही गेली आणि उद्या गावभर हसं," म्हणत ते मटकन बसले.

"सरळ माफी मागा ना," बायको म्हणाली.

"माफी? मी?"

शेंगा सोलणाऱ्या साहेबांच्या आईने मान वर केली. "नाक केवढं आणि तोरा केवढा! घे पेन. लिही, 'येत्या एकतीस सप्टेंबरपासून.'"

"अगं आई, सप्टेंबरला तर..."

"लिही म्हणते ना! आमदार झालास म्हणून आईपेक्षा मोठा झालास काय?"

साहेबांनी लिहिलं. शिपायाने जागा भरलेली पाहिली, दोन कप चहा ढोसला आणि गेला. प्राचार्यांनीही तेवढंच पाहिलं आणि 'मंजूर'चा शिक्का हाणला.

सोमवारी प्राचार्य पेपर नाचवत ओरडले, "मागे घेतला म्हणे! मी मंजूर केलाय! एकतीस तारखेला निरोप समारंभ ठेवा!"

क्लार्कने कॅलेंडरचं पान पुढे उलटलं, मागे उलटलं. "सर, तीसनंतर एकदम एकच आहे हो."

प्राचार्य शिक्क्याकडे बघत राहिले. साहेब तासावर गेले.

घरी आल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "आई, मी एवढा शिकलो, पण हे मला सुचलं नसतं."

"मी दुसरी पास. पण दुधाचे खाडे कॅलेंडरवर कोण मांडतं या घरात? जा, आता त्या सात खुर्च्या शेजारी पोचव. आणि पंख्याखालची बरी वाटतेय म्हणून ठेवून घेऊ नकोस!"