भरवशाचे दिवे

खडकाळ रस्त्यावर जायच्या जीपला जादा दिवे कुठले लावावेत, हे मला कुणी शिकवू नये! हे मी दुकानदाराला सांगितलं, बायकोला सांगितलं आणि साडूला तर त्याने न विचारताच सांगितलं. त्या प्रकरणात मला सगळ्यांचाच राग आला, अजूनही येतो. पण सुरुवात साडूपासून करतो.

झालं असं, की सासऱ्यांना संध्याकाळनंतर नीट दिसेनासं झालं आणि त्यांनी आपली पांढरी जीप दोन जावयांपैकी एकाला द्यायचं ठरवलं. त्यांचं घर टेकडीवर. वर जायचा रस्ता दगडाच्या खाणीतून, आणि रस्ता म्हणजे आपलं म्हणायचं. "अंधार पडल्यावर जो मला एकही ओरखडा न आणता घरी पोचवील, जीप त्याची," ते म्हणाले. मोठा जावई म्हणून पहिली पाळी माझी. तयारीसाठी जीप माझ्या दारात आणून ठेवली. साडू म्हणाला, "आहेत त्या दिव्यांत मी डोळे मिटून नेईन." डोळे मिटून! या माणसाला स्वतःची स्कूटर स्टँडवर धड लावता येत नाही.

मी दुकान गाठलं. दुकानदाराने एकेक दिवा लावून दाखवला आणि मी प्रत्येकासमोर उभा राहून थेट आत बघितलं.

"अहो, दिव्याकडे काय बघताय?" बायको मागून म्हणाली. "उजेड कुठे पडतोय ते बघा."

"मी दिवा घ्यायला आलोय, भिंत नाही."

ज्याने डोळ्यांसमोर काजवे चमकले, तो दिवा मी पक्का केला. तसले चार घेतले. भरवशाचे आहेत का म्हणून विचारलं, तर दुकानदाराने पेटता दिवा बादलीतल्या पाण्यात बुडवला. विझला नाही. "साहेब, हा बंद पडणारच नाही," तो म्हणाला. हे वाक्य ऐकून मी खूश झालो होतो, याचा मला आज सगळ्यात जास्त संताप येतो.

दिवे मीच बसवले, चारही टपावर. माझा विचार साफ होता. बिघडतो तो स्विच, मग स्विचच नको. तार थेट बॅटरीला जोडायची, पोचल्यावर काढायची. जुने पिवळट दिवे उगाच बॅटरी खातील म्हणून त्यांच्या तारा उपटून टाकल्या. बायको बॉनेटपाशी उभी राहून सगळं बघत होती आणि चकार शब्द बोलत नव्हती. ती बोलली नाही की माझं डोकं जास्त फिरतं.

ठरल्या दिवशी अंधारायच्या सुमाराला खाणीच्या तोंडाशी पोचलो. शेजारी सासरे, मागे बायको आणि तिच्याशेजारी साडू, ज्याला कुणीही बोलावलं नव्हतं. मी तार जोडली. लख्ख उजेड पडला. पण तो पांढऱ्या बॉनेटवर आपटून सगळा माझ्याच डोळ्यांत यायला लागला.

"जावईबापू, पुढचा खड्डा दिसला ना?"

"दिसला, बाबा." मला फक्त बॉनेटवर बसलेली माशी दिसत होती.

तेवढ्यात समोरून खाणीचा ट्रक आला आणि करकचून थांबला. डोळ्यांवर हात धरून ड्रायव्हर खाली उतरला.

"ओ, ते बंद करा आधी."

"बंद होत नाहीत."

"म्हणजे?"

"भरवशाचे आहेत."

मागे साडू खिंकाळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ट्रकवाला जे म्हणाला ते मी इथे लिहीत नाही, सासरे शेजारी बसले होते. मग तो तसाच चाचपडत, आमच्यापासून वीतभर अंतरावरून निघून गेला आणि खाणीतली सगळी धूळ उडवून गेला. त्या धुळीवर माझा उजेड पडला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली. दुकानात जिच्याकडे बघितलं नव्हतं, ती आता बघावीच लागली. उजवीकडे खाणीचा खड्डा होता, कुठून सुरू होत होता ते कळेना. सासऱ्यांनी माझा दंड धरला. "थांबा. हलू नका."

मी उतरलो, सवयीने एकदा वर दिव्यांकडे बघितलं आणि तार उपटली. मिट्ट काळोख. डोळ्यांत तेवढे चार हिरवे गोळे नाचत राहिले.

"आता जुने दिवे लावा," सासरे म्हणाले.

"ते मी तोडलेत."

"का?"

मागून आवाज आला, "साडूभाऊ, डोळे मिटून नेऊ का?"

मी साडूला जे सुनावलं ते संपेपर्यंत बायको खाली उतरली होती. मोबाइलच्या उजेडात तिने उपटलेल्या तारा जागच्या जागी बसवल्या. पिवळट दिवे लागले.

"तुला काय माहीत, कुठली तार कुठे?"

"तुम्ही उपटत होतात तेव्हा बघत होते," ती म्हणाली. "सरका."

मी सरकलो. दुसरं करणार काय, मला दरवाजासुद्धा दिसत नव्हता. तिने एकेक दगड चुकवत जीप वर नेली. घरी सासऱ्यांनी हाताने चाचपून चारही बाजू तपासल्या. एक ओरखडा नाही. "जावई म्हणालो, तिथेच चुकलं," असं म्हणत त्यांनी किल्ली लेकीच्या हातात दिली. टाळ्या साडूने वाजवल्या.

माझे दिवे तिने काढून आमच्या मागच्या अंगणात लावले, स्विचसकट. आता साडू रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळायला येतो आणि रोज मला हरवतो. उजेड फार सुंदर पडतो म्हणे. पडत असेल. मला शटल दिसतच नाही, कारण मी अजून आधी दिव्याकडेच बघतो.